नाताळानंतरचे दिवस : लक्ष्मीबाई टिळक यांचे चरित्र

नाताळ सरला, इंग्रजी नवे साल सुरू झाले, आणि घराघरांच्या दारांवर टांगलेले कागदी तारे उतरवून पुढील वर्षासाठी गुंडाळून ठेवण्याचे काम उरकले. आमच्या नांदगाव तालुक्यात ख्रिस्ती वस्ती थोडी. मनमाडच्या रेल्वे-वसाहतीतील कुटुंबे व इतरत्र विखुरलेली काही घरे एवढीच काय ती. तथापि नाताळ आता केवळ त्यांचाच सण राहिला नाही. केक विकणारा हिंदू असतो, रोषणाईच्या माळा विकणारा मुसलमान अथवा जैन असतो, आणि उत्सवाच्या आठवड्यात सर्वांच्याच गल्ल्यात चार पैसे जास्त पडतात. यात गैर काहीच नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. तारे उतरल्यावर, गोडधोड संपल्यावर, पेढीवर नेहमीची गादी पसरल्यावर त्या सणातील शिकवणुकीचे काय होते, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न एकट्या ख्रिस्ती बांधवांस विचारणे अन्यायाचे होईल. लक्ष्मीपूजनाच्या रात्री वह्यांवर स्वस्तिक रेखणारा दुकानदार पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच वहीत कोणती रक्कम कशी मांडतो, संवत्सरीस सर्व जीवमात्रांची क्षमा मागणारा व्यापारी त्या आठवड्यात हमालाच्या मजुरीची घासाघीस कोणत्या शब्दांत करतो, रमजानात उपास धरणारा गृहस्थ शव्वाल महिन्यात उधारीच्या वसुलीस कसा निघतो, हे सर्व एकाच जातीचे प्रश्न आहेत. परंतु हंगाम नाताळाचा आहे, म्हणून ख्रिस्ती धर्मातीलच एक चरित्र आज वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. ते चरित्र दूरदेशीच्या कोणा संताचे नाही. आमच्याच नाशिक जिल्ह्यात, गोदावरीकाठच्या जलालपूर गावी जन्मलेल्या एका बाईचे ते आहे. लक्ष्मीबाई टिळक हे नाव ऐकले नाही असा मराठी वाचक विरळा. मात्र ते नाव ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाच्या गोडीमुळे जितके लोकांच्या ओठी आहे, तितके त्या बाईने रोजच्या जगण्यात जे करून दाखविले त्यामुळे नाही, असे आम्हांस वाटते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. माहेरचे नाव मनकर्णिका, आडनाव गोखले. त्यांच्या आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर यांस १८५७ च्या बंडाच्या प्रकरणी फाशी झाली होती. या घटनेचा आघात जावयाच्या, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर असा विलक्षण झाला की, त्यांस सोवळ्या-ओवळ्याचे वेडच लागले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घ्यावयाचा नाही असा त्यांचा दंडक असे. धान्य धुवावे हे समजते. परंतु या नियमातून मीठदेखील सुटले नाही! आमच्या किराणा व्यापारी वाचकांनी क्षणभर कल्पना करावी, की आपल्या दुकानातून गेलेली मिठाची पुडी ग्राहकाच्या अंगणात पाण्याखाली धरली जात आहे. हसू येण्यासारखी गोष्ट खरी, परंतु ज्या घरातील लेकरांस त्या नियमाखाली वाढावे लागले त्यांच्या वाट्यास हसू फार थोडे आले. स्पर्श म्हणजे संकट, परका म्हणजे विटाळ, आणि पाणी म्हणजे शुद्धीचे साधन, ही शिकवण मनकर्णिकेच्या अंगी अशी भिनली की, ती पुढे पतीच्या धर्मांतरानेही एकदम धुवून निघाली नाही.

अकरा-बारा वर्षांच्या वयात, १८८० च्या सुमारास, त्यांचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले आणि मनकर्णिकेची लक्ष्मी झाली. नारायणराव त्या वेळी अठरा-एकोणीस वर्षांचे होते. त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला होता. आईच्या मागे घर सोडून ते नाशिकास आले, गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकले, थोडे इंग्रजी शिकले, आणि कवित्वाचे वेड मात्र जन्मतःच घेऊन आले होते. असा नवरा लाभणे हे भाग्य की दुर्भाग्य हे ठरविणे कठीण. बुद्धी तीव्र, अंतःकरण लोण्यासारखे, परंतु राग वणव्यासारखा आणि पाय एका ठिकाणी ठरत नाहीत. आज नाशिक, उद्या मुरबाड, परवा नागपूर. हातात आलेला पैसा हातातच राहील याची शाश्वती नाही. वाटेत कोणी गरजू भेटला की घरची गरज विसरली गेली. मुले झाली व लहानपणीच गेली. दत्तू नावाचा मुलगा तेवढा जगला. या सर्व भ्रमंतीत लक्ष्मीबाई कधी पतीबरोबर, कधी सासरी, कधी माहेरच्या आश्रयास अशा फिरत राहिल्या. शाळेचा उंबरठा त्यांनी ओलांडला नाही. अक्षरे शिकविली ती टिळकांनीच. तीही रागवारागवी करीत.

नागपुरास अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळक संस्कृत ग्रंथांचे काम करीत व ‘ऋषी’ नावाचे मासिक चालवीत. नाशिकाहून नागपुरास जावयाचे तर गाडी मनमाड सोडल्यावर आमच्याच गावावरून जाते. तेव्हा त्या काळच्या जी. आय. पी. रेल्वेच्या कोणत्या तरी गाडीतून हे कुटुंब आमच्या स्टेशनावरून अनेकदा गेले असले पाहिजे. मात्र टिळकांच्या आयुष्यास वळण देणारे जे नांदगाव चरित्रात येते ते आमचे नव्हे. ते छत्तीसगडातील राजनांदगाव संस्थान. नागपुराहून तिकडे जात असता गाडीतील एका युरोपियन सहप्रवाशाशी टिळकांचा संवाद झाला, त्याने त्यांस नव्या कराराची एक प्रत भेट दिली, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी ते पुस्तक वाचावयास घेतले; येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मंदिरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे आम्हांस स्पष्ट लिहिणे प्राप्त आहे. धर्म बदलण्याचा प्रत्येकास अधिकार आहे, आणि टिळकांची प्रामाणिकता निर्विवाद आहे. पोटासाठी अथवा पदासाठी त्यांनी धर्म सोडला असे त्यांच्या कट्टर विरोधकासही म्हणता येणार नाही. परंतु एवढे मोठे पाऊल टाकताना सव्वीस वर्षांच्या पत्नीस त्यांनी विश्वासात घेतले नाही. तीन-चार वर्षांचे मूल कडेवर असलेल्या त्या बाईच्या अंगावर ही बातमी विजेसारखी कोसळली. नवरा जिवंत, कपाळी कुंकू, आणि तरी संसार नाही, अशी ही स्थिती. तत्कालीन समाज तिला ना सवाशीण मानावयास तयार, ना विधवा. हिंदू शास्त्राने तिची सोय केलेली नव्हती, आणि ख्रिस्ती प्रीतीची शिकवण ज्याने नुकतीच स्वीकारली होती त्यानेही त्या दिवशी तिची सोय पाहिली नाही. पुरुषाच्या धर्मनिष्ठेची किंमत घरातील स्त्रीने मोजावी हा प्रकार आमच्या देशात सर्व धर्मांत चालत आला आहे. टिळकांसारखा कवीही त्यास अपवाद झाला नाही.

यापुढील सुमारे साडेचार वर्षे लक्ष्मीबाईंनी नातलगांच्या आधाराने काढली. त्यातील काही काळ पंढरपुरास गेला. दुःखाचा उमाळा आला की त्या पद्ये रचीत. पतीने शिकविलेली अक्षरे पतीच्या विरहात अशा रीतीने कामी आली. टिळक पत्रे पाठवीत राहिले. येथे मात्र त्यांच्या बाजूने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १८६६ च्या कायद्यान्वये ख्रिस्ती झालेल्या मनुष्यास, त्याच्या धर्मांतरामुळे जोडीदाराने सहवास नाकारल्यास, कोर्टामार्फत विवाह मोडून घेण्याची मुभा होती. टिळक तरुण होते, विद्वान होते, मिशनमध्ये त्यांचा मान होता. हा मार्ग त्यांस खुला होता. त्यांनी तो पत्करला नाही. पत्नीने आपल्या धर्मात यावे अशी सक्तीही केली नाही. ते थांबले. पहिल्या दिवशी केलेल्या चुकीची भरपाई त्यांनी या थांबण्याने केली असे म्हणावयास हरकत नाही. निदान काही अंशी तरी केली.

शेवटी लक्ष्मीबाई मुलास घेऊन अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पतीजवळ राहावयास आल्या. आल्या खऱ्या, परंतु ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे वेगळे. नवरा बाटलेला, परंतु नवरा. त्याच्याशी संसार करावयाचा, मात्र त्याच्या स्पर्शाचे पाणी प्यावयाचे नाही. असा हा दुहेरी संसार. भोवतालची ख्रिस्ती मंडळी बहुतांशी महार व मांग समाजातून आलेली. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून नगरास काम चालविले होते आणि त्या कामास ज्यांनी प्रतिसाद दिला त्यांत या दोन समाजांचा भरणा मोठा होता. जिच्या माहेरी मीठ धुवून घेत, त्या बाईच्या शेजारी आता ही मंडळी राहत होती, मायेने विचारपूस करीत होती, आणि ती बाई आपली घागर सांभाळून चालत होती.

आमच्या मते या चरित्राचा खरा कस येथे लागतो. धर्मांतराचा विधी थोड्या घटकांचा असतो. पाण्याची घागर रोज भरावी लागते. आमच्या तालुक्यातील वाचकांस हे अधिक समजावून सांगण्याचे कारण नाही. मनमाड व नांदगाव या भागांत पाण्याची ददात पिढ्यान् पिढ्यांची. नळास पाणी कधी येईल याची वाट पाहण्यात येथील गृहिणींचे अर्धे आयुष्य जाते. जेथे पाणी दुर्मिळ, तेथे ते कोणी भरावयाचे, कोणाच्या हंड्याचा स्पर्श कोणास चालतो, या गोष्टींवरून माणसाचा धर्म जितका उघड होतो तितका तो देवळात अथवा चर्चमध्ये होत नाही.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत काय घडले ते त्यांनी स्वतःच लिहून ठेविले आहे. त्यांस कोणी उपदेश केला नाही, कोणी वादात हरविले नाही. एका रात्री पडल्या पडल्या त्यांच्या मनात विचार सुरू झाला की, जातींची ही उतरंड देवाने रचली की माणसाने? पशुपक्ष्यांच्या जाती देवाने केल्या, त्यांची अंगे वेगळी, रूपे वेगळी, ते डोळ्यांस दिसते. माणसामाणसांत तसा भेद कोठे दिसतो? जन्म सारखा, मरण सारखे, हाडामांसाचे शरीर सारखे. मग हा भेद माणसाचाच. आणि माणसाने घातलेली गाठ माणसास सोडता येते. हा विचार एका रात्रीत पुरा झाला आणि सकाळी उठून त्यांनी तो अमलात आणावयास आरंभ केला. यापुढे कोणाच्याही हातचे अन्न आपण खाऊ, कोणाच्याही हातचे पाणी पिऊ, असा त्यांचा निश्चय झाला.

वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या सकाळी लक्ष्मीबाई ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. बाप्तिस्मा त्यांनी पुढे, १९०० साली घेतला. टिळकांच्या बाबतीत विधी आधी झाला आणि आचाराची परीक्षा मागाहून. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत उलट. पाणी आधी शेजारणीच्या घागरीतील प्याले, मग देवाच्या मंदिरातील मस्तकी घेतले. यास्तव त्यांच्या धर्मांतरात जो भक्कमपणा आढळतो तो पुष्कळांच्या धर्मांतरांत आढळत नाही. बाप्तिस्मा घेतल्यावरही लग्ने जुळविताना पूर्वीची जात विचारणारे, पंगतीस बसताना नकळत अंग चोरणारे ख्रिस्ती त्या काळी होते आणि आजही अगदीच नाहीत असे नाही. याचा अर्थ ख्रिस्ती धर्म कमी असा कोणी काढू नये. जातीचा रोग या मातीतला आहे. जो या मातीत राहील त्याच्या अंगी तो थोडाबहुत चिकटतोच, मग त्याच्या दारावर तारा असो, तोरण असो की चंद्रकोर असो.

तो काळ दुष्काळाचा व प्लेगचा. संवत् १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ आमच्या मारवाडी व गुजराती व्यापारी बांधवांच्या घरांत छप्पन्या या नावाने अद्याप स्मरणात असेल. निराधार झालेली मुले नगरच्या मिशनच्या आश्रयास आली. पाठोपाठ प्लेगने शहरे ओस पाडली. माणसे सख्ख्या भावाच्या अंथरुणापाशी जावयास धजेनात. अशा दिवसांत लक्ष्मीबाई रोग्यांच्या शुश्रूषेस उभ्या राहिल्या. जी बाई काल स्पर्शास भीत होती तीच आज ज्या रोग्यास त्याचे स्वतःचे नातलग शिवेनात त्याचे अंग पुशीत होती. पोरक्या मुलींस त्यांनी आपल्या घरात आणून पोटच्या मुलींप्रमाणे वाढविले. हे सर्व करताना आपण काही अलौकिक करीत आहो अशी भाषा त्यांच्या लेखणीतून कोठेही उमटत नाही. उलट स्वतःची फजिती, स्वतःचा भित्रेपणा, स्वतःचा हट्ट यांवरच त्या अधिक लिहितात, आणि तेही अशा विनोदाने की वाचणाऱ्याने हसावे.

घर चालविणे हीच त्यांची मोठी तपश्चर्या होती, असे आम्ही म्हणू. टिळक १९०४ साली पाळक झाले, राहुरीस राहिले, ख्रिस्ती उपासनेत अभंग, भजन व कीर्तन यांचा त्यांनी प्रवेश करविला. परदेशी सुरांवर बसविलेली भाषांतरित गीते गाणाऱ्या मंडळीस त्यांनी तुकारामाच्या वळणाची शेकडो गीते दिली. आजही मराठी ख्रिस्ती उपासनेत ती गाइली जातात. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राचा मराठी विभाग त्यांनी सांभाळला. ते पत्र १८४२ साली निघालेले, मराठीतील जुन्या पत्रांपैकी एक. लोक त्यांस कवी म्हणून, पुढारी म्हणून ओळखत. परंतु पुढाऱ्याच्या घरी संध्याकाळी किती पाने मांडावयाची हे त्या पुढाऱ्यास ठाऊक नसे. बाजारातून सामान आणावयास गेलेले टिळक काय घेऊन परततील व कोणास काय देऊन परततील याचा नेम नसे. वाटेतला भिकारी, आश्रयास आलेला विद्यार्थी, रुसून घर सोडलेला मुलगा, सर्वांची वाट टिळकांच्या घराकडे. दान टिळक करीत, आणि त्या दानाचा जमाखर्च लक्ष्मीबाईंच्या पिठाच्या डब्यात लिहिला जाई. व्यापारी वाचकांस हे कोष्टक सहज उमजेल. नावे टाकणारा एक आणि जमा भरून काढणारा दुसरा, अशी भागीदारी फार दिवस टिकत नाही. ही मात्र टिकली. भांडणे झाली, अबोले झाले, दोघांच्याही रागाचे प्रसंग ‘स्मृतिचित्रे’त मोकळेपणाने आले आहेत, आणि तरीही ती टिकली.

या घरात आलेल्या मुलांत खानदेशातील धरणगावचा एक मुलगा होता, त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्याने कविता म्हटली आणि बालकवी ही पदवी मिळविली. पुढे तो नगरास टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी त्यास मुलासारखे वागविले. तो हिंदू होता व हिंदूच राहिला. ख्रिस्ती पाळकाच्या घरात एक ब्राह्मण मुलगा आपला धर्म न सोडता आईची माया मिळवितो, ही गोष्ट त्या काळच्या कडव्या वातावरणात साधी नव्हती. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवींचा अंत झाला. जळगाव-भुसावळ मार्गावरील ते लहानसे स्टेशन आमच्या मार्गावरून जाणाऱ्या प्रवाशांस खिडकीतून आजही दिसते.

त्याच्या आदल्या वर्षी, १९१७ साली, टिळकांनी आणखी एक धक्का दिला. मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. ख्रिस्ताचा अनुयायी होण्यास पाश्चात्य मिशनचा आश्रय अथवा परदेशी रीतिरिवाज आवश्यक नाहीत, बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोघेही त्याच्या चरणी एकत्र येऊ शकतात, असा या दरबाराचा आशय होता. विचार उदात्त, धैर्य मोठे. परंतु पगार थांबला म्हणजे किराणा थांबतो, हे कोडे पुन्हा पत्नीच्याच पदरी. मात्र १८९५ ची लक्ष्मीबाई आणि १९१७ ची लक्ष्मीबाई यांत महदंतर पडले होते. पहिल्या वेळी त्या कोसळल्या. या वेळी त्या संसाराची दोरी हाती घेऊन उभ्या राहिल्या. ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकांचे निधन झाले. आपल्या देहास मूठमाती न देता अग्नी द्यावा अशी त्यांची इच्छा होती व ती पाळली गेली. ख्रिस्ती झाल्याने आपण हिंदी राहिलो नाही असे त्यांनी कधी मानले नाही, आणि मरणोत्तरही तसे कोणी मानू नये याची त्यांनी तजवीज केली.

पतीच्या मागे लक्ष्मीबाईंनी मुंबईस मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था पाहिली, काही काळ कराचीस काढला, आणि अखेर त्या आपल्या नाशिकास परतल्या. मुलगा देवदत्त, पूर्वीचा दत्तू, वडिलांचे चरित्र लिहिण्याच्या खटपटीत होता. त्याने आईस आठवणी लिहून देण्याचा आग्रह धरला. साठीच्या पुढे गेलेल्या, शाळा न शिकलेल्या बाईने लिहावयास घेतले. ‘संजीवनी’ साप्ताहिकातून त्या आठवणी प्रसिद्ध होऊ लागल्या, आणि १९३४ ते १९३६ या काळात ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपाने निघाली. मराठी विद्वानांनी ते पुस्तक डोक्यावर घेतले. १९५० साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले; २०१७ साली शांता गोखले यांनी पुन्हा नवे केले. त्या ग्रंथात टिळकांची पूजा नाही आणि निंदाही नाही. नवऱ्याच्या चुका सांगताना हात आखडलेला नाही, आणि त्याचे मोठेपण सांगताना डोळे भरून आल्याचे लपविलेले नाही. पतीस देव मानण्याच्या जमान्यात एका बाईने त्यास माणूस म्हणून वाचकांपुढे उभे केले, यात केवढी सुधारणा आहे याचा विचार आमच्या सुधारक म्हणविणाऱ्या मित्रांनी अवश्य करावा.

‘स्मृतिचित्रे’ छापली जात होती तो काळ नाशिक जिल्ह्यासाठी कोणता होता हेही आठवून पाहावे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. देवाचे दार उघडावे एवढीच मागणी, आणि ती वर्षानुवर्षे रखडली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आमच्या शेजारच्या येवल्यास डॉ. आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला. ज्या समाजाच्या हातचे पाणी लक्ष्मीबाईंनी पस्तीस वर्षांपूर्वी एका सकाळी उठून निःशंकपणे प्यावयास घेतले होते, त्याच समाजास नाशिकच्या देवळाची पायरी चढू देण्यास शहरातील शास्त्रीपंडित, शेठसावकार त्या दिवशीही राजी नव्हते. एका बाईस एका रात्रीत जे उमगले ते एका शहरास पाच वर्षांच्या सत्याग्रहानेही उमगू नये! आणि आमच्या पेठेत तरी आज काय स्थिती आहे? हमालास वेगळा पेला, सफाई कामगारास वरून ओतलेला चहा, हे प्रकार सर्वस्वी नाहीसे झाले असे छातीठोकपणे सांगणारा दुकानदार आम्हांस भेटावा, अशी आमची फार इच्छा आहे.

लक्ष्मीबाईंची तुलना पंडिता रमाबाई यांच्याशी पुष्कळदा केली जाते. दोघीही ब्राह्मण कुळातल्या, दोघीही ख्रिस्ती झालेल्या, दोघींनीही पोरक्यांस पोटाशी धरले. रमाबाईंनी १८८९ साली मुंबईस शारदा सदन काढले, दुष्काळातील शेकडो स्त्रियांस केडगावच्या मुक्ती सदनात आश्रय दिला, मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. ते कार्य डोंगराएवढे. लक्ष्मीबाईंनी संस्था काढली नाही, सभा गाजविल्या नाहीत, परदेश पाहिला नाही. १९३३ साली नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले तेव्हा त्यांचे वय पासष्ट होते. त्यांचे कार्यक्षेत्र म्हणजे स्वयंपाकघर, पाणवठा, आजाऱ्याची खाट आणि येणाऱ्याजाणाऱ्यासाठी उघडे असलेले दार. परंतु रमाबाईंसारखी व्यक्ती शतकातून एखादी होते; तिच्याकडे पाहून सामान्य मनुष्य नमस्कार करतो आणि आपल्या कामास लागतो. लक्ष्मीबाईंकडे पाहून तसे सुटता येत नाही. चूल प्रत्येक घरी आहे, घागर प्रत्येक घरी आहे, दाराशी कोणी ना कोणी रोज येतो.

टिळकांनी येशूचे चरित्र ओवीबद्ध रचावयास घेतले होते. ‘ख्रिस्तायन’ हे त्याचे नाव. पहिले दहा-अकरा अध्याय झाले आणि त्यांचे आयुष्य सरले. अर्धे राहिलेले हे काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. ज्या धर्मासाठी आपला संसार एकदा उधळला गेला, त्याच धर्माच्या संस्थापकाचे चरित्र, ज्याने तो उधळला त्याच्याच हातून राहिलेले, पुरे करावयास त्या बसल्या. चौसष्ट अध्याय त्यांनी लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकास त्यांनी देह ठेविला. ‘ख्रिस्तायन’ छापून निघाले ते १९३८ साली.